बोवी सुरा बनवून घेताना आपण पैसे कशाचे देतो?

थँक्सगिव्हिंगला घरी आलेल्या चार मित्रांनी माझा सुरा आळीपाळीने हातात घेतला. मूठ आवळून पाहिली, पात्यावरून अंगठा आडवा फिरवला आणि सगळ्यांनी एकच विचारलं, "याला अकरा महिने लागले?" किंमत आठशे डॉलर आहे हे कळल्यावर पुढचा प्रश्न आलाच. "अरे, दुकानात दीडशेला मिळतो की असाच!"

प्रश्न रास्त आहे. टीव्हीवरच्या लोहारकामाच्या स्पर्धा आणि मोबाइलवर फिरणारे ठिणग्यांचे व्हिडिओ पाहून अमेरिकेत बरेच लोक आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या लोहाराला गाठतात आणि "मला एक बोवी बनवून द्या" असं सांगतात. त्यातले काही फसतात, काही नुसतेच खट्टू होतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं: आपण विकत काय घेतोय तेच कळलेलं नसतं. ज्या गोष्टीचे खरे पैसे मोजायचे, ती फोटोत दिसत नाही. हे समजायला मला स्वतःला एक फसलेली ऑर्डर आणि एक जमलेली ऑर्डर लागली.

## बोवी म्हणजे नेमका कुठला सुरा?

१९ सप्टेंबर १८२७. मिसिसिपी नदीच्या पात्रात, नॅचेझ गावाजवळच्या वाळवंटावर दोन माणसांचं द्वंद्व ठरलं होतं. दोघांनी पिस्तुलं झाडली, कुणालाच लागलं नाही, दोघांनी हात मिळवले. प्रकरण मिटलं असं वाटत असतानाच दोन्हीकडचे पाठीराखे एकमेकांवर तुटून पडले. जिम बोवी त्यातलाच एक. अंगात गोळ्या शिरलेल्या, वार झालेले, तशाही अवस्थेत त्याने जवळच्या मोठ्या सुऱ्याने समोरच्याला ठार केलं. वर्तमानपत्रांनी ही हकिगत दूरवर नेली. पुढे ६ मार्च १८३६ रोजी टेक्सासमध्ये अलामोच्या लढाईत बोवी मारला गेला, आणि माणसाबरोबर त्याच्या सुऱ्याचीही दंतकथा झाली. टेक्सासमध्ये त्याच्या नावाचा उच्चार 'बूई' असा करतात. बाहेर 'बोवी' रुळलं आहे, म्हणून मीही तेच लिहितो.

आता गंमत अशी, की तो मूळ सुरा दिसायला कसा होता यावर आजही वाद आहे. जिमचा भाऊ रेझिन बोवी याने १८३८ साली एका पत्रात लिहिलं की पहिला सुरा आपणच बनवला होता: पातं सव्वानऊ इंच लांब, दीड इंच रुंद, धार एकाच बाजूला आणि पात्याला वळण नाही. हे वर्णन एखाद्या मोठ्या खाटकी सुरीचं वाटतं. आज बोवी म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतं ते टोकाजवळ पाठीकडून खोलगट कापलेलं पातं आणि मुठीपुढची भक्कम आडवी पट्टी. हे रूप नंतर पक्कं झालं, आणि त्यात इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या कारागिरांचा वाटा मोठा होता. अमेरिकेतली मागणी पाहून त्यांनी हे सुरे जहाजं भरभरून पाठवले.

इतिहास सांगण्याचं कारण एवढंच, की "मला बोवी हवाय" ही ऑर्डर होत नाही. शिंप्याकडे जाऊन "मला कपडे शिवायचेत" म्हणण्यासारखं ते आहे. सहा इंचांपासून बारा इंचांपर्यंत, लाकूड फोडण्यासाठी, शिकारीसाठी, भिंतीवर लावण्यासाठी, सगळ्यांना बोवीच म्हणतात.

## चार शब्द पाठ करून ठेवा

लोहाराशी बोलताना फार परिभाषा लागत नाही. पात्याची धारेच्या उलट बाजू ती पाठ. पाठीला टोकाजवळ दिलेला खोलगट काप म्हणजे क्लिप, ज्यामुळे टोक अणकुचीदार होतं. पातं आणि मूठ यांच्यामध्ये आडवी बसवलेली पितळेची किंवा पोलादाची पट्टी म्हणजे परज. हात पुढे घसरून धारेवर जाऊ नये यासाठी ती असते. आणि पात्याचा जो भाग मुठीच्या आत जातो त्याला इंग्रजीत टँग म्हणतात, आपण शेपूट म्हणू. शेपूट मुठीच्या पूर्ण रुंदीचं असेल तर ते दोन्ही बाजूंच्या लाकडांमधून कडेने दिसतं. निमुळतं असेल तर मुठीत लपतं. लपलेलं शेपूट कमकुवत असतं हा समज मात्र सोडून द्या. नीट केलेलं निमुळतं शेपूट पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, आणि वजन हातात चांगलं तोललं जातं.

## पोलादाला पाणी देणं

आपल्या भाषेत या विषयाचं मर्म एका शब्दात साठवलेलं आहे. विळ्याला, कोयत्याला लोहार 'पाणी देतो'. चांगल्या पात्याला आपण पाणीदार म्हणतो. सुरा बनवून घेताना आठशेतले निम्म्याहून जास्त डॉलर मी याच पाण्याचे दिले, असं मी मानतो.

आर्कान्सामधल्या माझ्या लोहाराने मला त्या दिवशी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. शेडचं दार लोटून अंधार केला होता, कारण तापलेल्या पोलादाचा रंग उजेडात फसवतो. पातं भट्टीत होतं. काळसर लाल, मग चेरीसारखं लाल. त्याने ते बाहेर काढून दोरीला टांगलेल्या लोहचुंबकाजवळ नेलं. चुंबक जागचं हललं नाही. साधारण ७७० अंश सेल्सिअसला लोखंडाचा चुंबकाशी असलेला संबंध तुटतो, हा भट्टीशेजारी कुणालाही करता येण्याजोगा साधा तपास. पण तेवढ्याने भागत नाही, पाणी देण्यासाठी अजून थोडं वर जावं लागतं. त्याने पातं परत आत सरकवलं आणि मला म्हणाला, "आता सावली बघा." खरंच, लालभडक पात्यावरून एक मंद सावली सरकत गेली, ढग शेतावरून जातो तशी. पोलादाची आतली रचना बदलत असताना ते उष्णता पिऊन घेतं, म्हणून तेवढा भाग क्षणभर काळवंडलेला दिसतो. सावली टोकातून निघून गेली आणि पातं एकसारखं उजळलं, त्याच क्षणी त्याने ते उचलून कोमट तेलात बुडवलं. फस्स असा आवाज, धुराचा लोट, एक छोटी ज्वाळा. हाताने चार-पाच हेलकावे. संपलं.

आत काय झालं? पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडा कार्बन. माझ्या सुऱ्याच्या १०८४ नावाच्या पोलादात कार्बन शेकडा ०.८४ च्या आसपास. तापलेल्या अवस्थेत हे कार्बनचे कण लोखंडाच्या कणांमधून मोकळे फिरतात. गच्च भरलेल्या रेल्वेच्या डब्याची कल्पना करा. गाडी हळूहळू निघाली तर माणसं सरकत सरकत आपापली जागा धरतात आणि डबा निवांत होतो. एकदम धक्का बसून सगळे होते तिथेच चेपले गेले तर डबा असा काही घट्ट होतो की कुणाला कूस बदलता येत नाही. पोलाद सावकाश निवलं तर मऊ राहतं, तेलात झटक्यात निवलं तर कार्बन अडकून बसतो आणि पातं कडक होतं. कडक इतकं, की त्यावर कानस फिरवली तर ती काचेवरून घसरल्यासारखी घसरते. माझ्या लोहाराने तेल पुसल्याबरोबर पहिली कानसच लावली होती.

पण ते पातं त्या क्षणी फरशीवर पडलं असतं तर काचेसारखं फुटलंही असतं. म्हणून दुसरी पायरी: २०० ते २३० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन-दोन तास, किमान दोनदा. याला टेम्परिंग म्हणतात. थोडा कडकपणा सोडायचा आणि बदल्यात चिवटपणा घ्यायचा. कडकपणा मोजतात रॉकवेल सी या मापावर. तेलातून निघालेलं असं पोलाद ६५ च्या आसपास असतं, आणि तोडकामाच्या बोवीला लोहार साधारण ५६ ते ५९ वर आणतात. भाजी चिरायच्या सुरीला जास्त कडकपणा चालतो, कारण तिच्यावर घाव पडत नाहीत.

त्याहून पुढची कसबाची गोष्ट म्हणजे एकाच पात्यात दोन स्वभाव आणणं: धार कडक, पाठ चिवट. काहीजण फक्त धारेची बाजू तेलात बुडवतात. काही पाठीवर मातीचा लेप देतात म्हणजे ती सावकाश निवते, आणि मग पॉलिश केल्यावर दोन्हींच्या सीमेवर धुक्यासारखी नागमोडी रेघ उमटते. काही नंतर गॅसच्या ज्योतीने पाठ निळी होईपर्यंत शेकतात आणि धार तेवढी पाण्यात बुडवून ठेवतात.

यातलं काहीही तुम्हाला तयार सुऱ्याकडे बघून कळणार नाही. पाणी बिघडलेला सुरा आणि पाणी जमलेला सुरा शेजारी ठेवले तर दोन्ही सारखेच देखणे दिसतील. अति तापलेल्या पोलादाचे दाणे आत खडीसाखरेसारखे मोठे होतात, चांगल्याचे राखेसारखे बारीक असतात, पण ते दिसायला पातं मोडावं लागतं. म्हणून चांगला लोहार नव्या पोलादाचे दोन-चार तुकडे स्वतःच मोडून बघतो. त्याला विचारा, तुम्ही नमुना मोडून पाहता का? ज्याला हा प्रश्न आवडतो त्याच्याशी पुढे बोलायला हरकत नाही.

## "ठोकून ठोकून पोलाद दाट होतं ना?"

नाही. हा समज खूप जुना आहे आणि काही विक्रेते तो हौसेने जपतात. पोलाद काही पीठ नाही, मळून आणि दाबून त्याची घनता वाढत नाही. आजचं गिरणीतून आलेलं पोलाद मुळातच स्वच्छ आणि एकसंध असतं.

मग घडवायचं कशासाठी? पाती करण्याच्या दोन वाटा आहेत. एक, पट्टीतून नको तो भाग घासून काढायचा. दोन, तापवून ऐरणीवर आकार द्यायचा आणि शेवटचं थोडं घासायचं. पहिल्या वाटेने केलेलं पातं पाणी नीट दिलं असेल तर अजिबात कमी नसतं. घडवण्यामुळे लोहाराला मोकळीक मिळते. मुठीपाशी पाव इंच जाड असलेलं पातं टोकाकडे पातळ होत जाईल अशी निमुळती जाडी त्याला ठोकूनच साधता येते, आणि हातात घेतल्यावर जो जिवंतपणा जाणवतो तो बराचसा या निमुळतेपणातून येतो. दुकानातल्या दीडशे डॉलरच्या पुष्कळ सुऱ्यांमध्ये पाठ टोकापर्यंत जवळजवळ तेवढीच जाड असते, म्हणून ते पुढून जड लागतात, मनगट लवकर दमतं. मित्रांना मी दोन्ही सुरे डोळे मिटून हातात धरायला दिले, तेव्हा कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

## डमास्कस घ्यावं का?

लाटांची नक्षी असलेलं पातं कुणालाही भुरळ घालतं. आजचं डमास्कस म्हणजे दोन प्रकारच्या पोलादांचे थर तापवून एकजीव करायचे, घड्या घालायच्या, पिळायचे, कापायचे. बहुतेकदा १०८४ आणि त्याच्या जोडीला १५एन२०, ज्यात शेकडा २ च्या आसपास निकेल असतं. शेवटी फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवलं की साधं पोलाद काळं पडतं, निकेलवालं चकाकत राहतं आणि नक्षी उमटते. अमेरिकेत हे काम नव्याने लोकांपुढे आणण्याचं श्रेय बिल मोरान या लोहाराकडे जातं. त्याने १९७३ साली आपली अशी पाती प्रदर्शनात मांडली.

सौंदर्यासाठी घ्यायचं असेल तर आनंदाने घ्या. पण त्यामुळे सुरा जास्त मजबूत होतो म्हणून जादा पैसे मोजू नका. थर नीट जुळले नसतील तर उलट आत फट राहते. आणि इंटरनेटवर सत्तर डॉलरला मिळणाऱ्या डमास्कस बोवीत कुठलं पोलाद आहे ते विक्रेत्यालाही सांगता येत नाही. माहीत नसलेल्या पोलादाला पाणी किती अंशांवर द्यायचं? पहिल्यांदाच ऑर्डर देत असाल तर साधं पोलाद घ्या आणि वाचलेले पैसे जास्त अनुभवी हाताला द्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

## लोहाराला सांगायचं काय?

आधी काम सांगा, माप नंतर. मी गेलो होतो दहा इंचांचं पातं डोक्यात घेऊन. त्याने विचारलं, "वर्षातून किती वेळा वापराल? कशावर?" मी म्हणालो, कॅम्पिंगला जातो, शेकोटीसाठी ढलप्या काढायच्या, फांद्या छाटायच्या, कधी दोर कापायचा. त्याने काही न बोलता खोक्याचा पुठ्ठा घेतला, दहा इंचांचा सुरा रेखून कापला आणि माझ्या हातात दिला. मग साडेआठ इंचांचा कापून दिला. पुठ्ठ्याला वजन नसतं, तरी लांबी हातात घेतल्याबरोबर कळली. झाडाझुडपात दहा इंच आडवं येणार होतं. साडेआठ ठरलं. ते दोन्ही पुठ्ठे मी अजून ठेवलेत.

त्यानंतर तळहाताची रुंदी, डावरे की उजवे, हातमोजे घालून वापरणार का, हे सांगा. मग पोलाद. तोडकामाला ५१६० उत्तम. गाड्यांच्या पाट्यांच्या स्प्रिंगा याच पोलादाच्या असतात, यावरूनच त्याचा चिवटपणा लक्षात यावा. धार जास्त टिकावी असं वाटत असेल तर ५२१००, हे बेअरिंगच्या गोळ्यांचं पोलाद. पण खरं सांगायचं तर लोहाराला जे पोलाद वर्षानुवर्षं सवयीचं आहे तेच घ्या. कागदावर सरस असलेल्या नव्या पोलादापेक्षा ओळखीच्या पोलादाला तो पाणी चांगलं देणार.

मुठीसाठी अक्रोड आणि मेपल ही खात्रीची लाकडं. मऊ, नक्षीदार लाकूड हवं असेल तर ते निर्वात पात्रात राळ भरून पक्कं केलेलं घ्या, म्हणजे पावसाळी हवेत फुगणार नाही. शिंगाची मूठ बोवीला शोभते, पण सर्वांत मागणी असलेलं सांबरशिंग भारतातून येत असे आणि भारताने त्याची निर्यात बंद केल्यापासून जुन्या साठ्यावरच काम चाललंय, त्यामुळे ते महाग. हस्तिदंत विचारूच नका. आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारावर अमेरिकेने २०१६ पासून जवळजवळ संपूर्ण बंदी घातली आहे.

एक पथ्य पाळा. दुसऱ्या लोहाराच्या सुऱ्याचा फोटो दाखवून "हुबेहूब असाच" म्हणू नका. चांगला माणूस नकार देईल, आणि जो होकार देईल त्याच्याकडे करून घेऊ नये. दोन-तीन फोटो दाखवून यातली क्लिप आवडली, त्याची मूठ आवडली, असं सांगणं वेगळं. आणि एकदा ठरलं की बाकीचं त्याच्यावर सोडा. मला पितळेची परज हवी होती, तो पोलादाचीच म्हणत होता. मी ऐकलं, आणि आता ती काळसर परज बघताना बरं वाटतं की ऐकलं.

## याला काम येतं हे ओळखायचं कसं?

अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी नावाची संस्था १९७६ साली स्थापन झाली, बिल मोरान तिच्या संस्थापकांपैकी एक. ती लोहारांची परीक्षा घेते. किमान तीन वर्षं (संस्थेचा अभ्यासक्रम केला असेल तर दोन) उमेदवारी झाली की 'जर्नीमन स्मिथ' या पहिल्या पायरीची परीक्षा देता येते, त्याच्या वरची पायरी 'मास्टर स्मिथ'.

त्या परीक्षेतलं पातं दहा इंचांपेक्षा लांब नको. त्या एकाच सुऱ्याने चार गोष्टी ओळीने करायच्या. लोंबकळणारा एक इंच जाडीचा दोर एका फटक्यात तोडायचा. घरबांधणीत वापरतात ती टू-बाय-फोर लाकडी फळी दोनदा तोडायची. मग त्याच धारेने, मध्ये परत धार न लावता, हातावरचे केस भादरायचे. शेवटी पातं शेगड्यात (पकड घट्ट आवळणाऱ्या व्हाइसमध्ये) धरून ९० अंशांत वाकवायचं. धारेकडून थोडी चीर गेली तर चालते, पण रुंदीच्या एक तृतीयांशाहून जास्त नाही. सुरा तिथेच संपतो, माणूस पास होतो. याशिवाय पाच तयार सुरे मास्टर स्मिथच्या मंडळापुढे ठेवायचे. मास्टर व्हायचं असेल तर अजून दोन वर्षांनी हीच परीक्षा किमान ३०० थरांच्या डमास्कस पात्याने.

दोर आणि केस म्हणजे धारेची परीक्षा, वाकवणं म्हणजे पाठीची. पाणी खरंच कळलंय का, हे ओळखण्याची ही सर्वांत प्रामाणिक रीत आहे. तुमच्या सुऱ्याला कुणी वाकवणार नाही, आणि रोजच्या वापराच्या सुऱ्याचं पाणी परीक्षेच्या सुऱ्यासारखं मऊ ठेवतातच असंही नाही. पण हवं तसं पाणी हवं तिथे देता येतं, हे त्या माणसाने सिद्ध केलेलं असतं. पास झालेले लोहार पात्यावर नावाशेजारी जेएस किंवा एमएस अशी खूण उमटवतात. खूण नसलेला प्रत्येकजण कच्चा असतो असं मुळीच नाही. अशा वेळी त्याचे सुरे पाच-सात वर्षं वापरणारी माणसं शोधा आणि त्यांच्याशी बोला.

## अकरा महिने कशाचे?

घणाचं काम फार तर अर्ध्या दिवसाचं. खरा वेळ खातं ते घासणं. १२० नंबरच्या सँडपेपरने पातं घासायचं, मग २२०, मग ४००, मग ६००, आणि दर वेळी दिशा बदलायची म्हणजे मागचे ओरखडे उठून दिसतात. ४०० वर असताना एखादा जुना ओरखडा सापडला की मुकाट परत २२० वर यायचं. परजेची फट कानशीने इतकी नेमकी करायची की पातं दिव्यासमोर धरलं तर मधून उजेडाची रेघ दिसता कामा नये. मग मूठ, मग चामड्याचं म्यान. आणि तुमच्या आधी रांगेत वीस जण असतात, तो माणूस एकटा असतो. अकरा महिन्यांतले जेमतेम दहा-बारा दिवस माझ्या सुऱ्याचे होते, उरलेले त्या वीस जणांचे.

भावाचं म्हणाल तर नवख्याचा सुरा काहीशे डॉलरला मिळतो, नावाजलेल्या मास्टर स्मिथचा काही हजारांना. पोलादाची किंमत त्यात फारच थोडी.

आगाऊ रकमेबद्दल कळकळीने सांगतो, कारण इथे मी पोळलोय. पहिल्या लोहाराला मी उत्साहाच्या भरात पूर्ण पैसे आधीच दिले. दोन वर्षं "पुढच्या महिन्यात" ऐकलं आणि शेवटी आला तो सुरा परजेभोवती गोंद भरून फट बुजवलेला. तो माणूस लबाड नव्हता असं मला आजही वाटतं. नव्या गिऱ्हाइकाच्या पैशातून जुन्या गिऱ्हाइकाचं काम उरकायच्या चक्रात तो सापडला होता. म्हणून पूर्ण पैसे आधी देऊ नका. कित्येक चांगले लोहार रांगेत नाव लिहायला काहीच घेत नाहीत, काम हाती घेतल्यावर काही रक्कम घेतात आणि बाकीची सुरा तयार झाल्यावर. मापं, पोलाद, मुठीचं लाकूड, अंदाजे तारीख आणि पसंत पडला नाही तर काय, हे सगळं एका ईमेलमध्ये लिहून दोघांनी होकार द्यावा. मैत्री झाली असली तरी लिहावं.

## "मग दुकानातला वाईट का?"

वाईट अजिबात नाही. कारखान्यात पाणी संगणकावर चालणाऱ्या भट्टीत दिलं जातं, शंभरावं पातं पहिल्यासारखंच निघतं. रोज राबवायचा, हरवला तरी जीव तुटू नये असा सुरा हवा असेल तर तोच घ्या, मीही गाडीत तसलाच ठेवतो. तुमच्या हाताच्या मापाचा, तुमच्या कामाचा, आणि दहा वर्षांनी धार बिघडली तर ज्याने केला त्याच्याकडेच परत नेता येईल असा हवा असेल, तर लोहाराचं दार ठोठवा.

## कायद्याचं काय?

सुरा बाळगणं आणि तो बरोबर घेऊन हिंडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. ज्या टेक्सासात बोवी मेला तिथेही बोवी सुरा सार्वजनिक ठिकाणी घेऊन फिरणं कित्येक दशकं गुन्हा होता. १ सप्टेंबर २०१७ पासून प्रौढांना ती मोकळीक मिळाली. तरी साडेपाच इंचांहून लांब पातं शाळा, मद्यालयं अशा ठिकाणी नेता येत नाही. कॅलिफोर्नियात असा सुरा कपड्यांत लपवून नेणं गुन्हा आहे, कमरेला उघड दिसेल असा म्यानात लावणं चालतं. शहरांचे नियम आणखी वेगळे असू शकतात, म्हणून लांबी ठरवण्याआधीच आपल्या गावचा नियम वाचून घ्या. विमानात तो हातातल्या बॅगेत कधीच चालत नाही. सामानात टाकायचा तर म्यानात घालून, नीट गुंडाळून.

## हातात आल्यावर

खोकं उघडल्यावर धार बघायची घाई करू नका. आधी पाठीकडून एक डोळा मिटून पातं सरळ आहे का ते बघा. परजेमागे दिवा धरा. मुठीवर बोट फिरवा, लाकूड आणि धातू जिथे भेटतात तिथे नख अडकायला नको. मग म्यानात घालून उलटा धरा, सुरा पडता कामा नये.

साध्या कार्बन पोलादाला गंज चढतो, हा दोष नाही, स्वभाव आहे. लिंबू किंवा टोमॅटो कापून तसाच ठेवला तर तासाभरात डाग पडतील. वापरून झाल्यावर पुसायचा, कोरडा करायचा, खनिज तेलाचा हलका हात द्यायचा. काही महिन्यांत पातं करडं-निळसर होत जाईल. तो गंज नाही, तो थर उलट लाल गंजाला थोडा अटकाव करतो, म्हणून घासून चकचकीत करू नका. धार लावताना प्रत्येक बाजूने साधारण २० अंशांचा कोन धरा आणि विजेच्या सहाणेपासून लांब राहा. पातळ धार तिथे क्षणात निळी पडते, आणि निळी पडली म्हणजे लोहाराने दिलेलं पाणी तेवढ्या जागेपुरतं गेलं.

माझ्या लोहाराने खोक्यात हाताने लिहिलेली चिठ्ठी घातली होती. तीन ओळी होत्या. पुसून ठेवा. दगडावर मारू नका. म्यानात घालून कपाटात ठेवू नका, चामडं दमट हवा धरून ठेवतं. म्हणून माझं म्यान खुंटीला असतं आणि सुरा तेलाचा हात लावून कापडात, पुस्तकांच्या वरच्या फळीवर.